ऑस्कर पाळायचाय? आधी त्याच्या सांडपाण्याचा हिशेब करा

शोभेच्या माशांच्या दुकानात ऑस्कर हा मासा दिसतो तो जेमतेम दोन इंचांचा. काळपट अंगावर केशरी नक्षी, काचेला बोट लावलं की लगेच जवळ येणारा, आणि किंमत शे-दोनशे रुपये. पोरं हट्ट धरतात. दुकानदार दोन फुटी टँक, एक छोटा फिल्टर आणि रंगीत खडीची पिशवी बांधून देतो. त्यातले बरेच मासे पहिल्या दोन महिन्यांतच जातात. जे वाचतात ते वर्षाच्या आत त्या टँकमध्ये धड वळूही शकत नाहीत. मग प्रश्न सुरू होतात. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, मग मासा मेला कसा? पाणी बदललं आणि दुसऱ्याच दिवशी मेला, म्हणजे पाणी बदलायचंच नाही का? चार फुटी टँक खरंच लागतो, की दुकानदाराला जास्त माल खपवायचाय?

या सगळ्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे माशाच्या घाणीत. टँकचा आकार, फिल्टर, पाण्याच्या बादल्या, विजेचं बिल हे सगळं तिथूनच ठरतं. मासा किती लांब होणार हा मुद्दा त्यानंतरचा.

हा मासा आहे तरी कोण?

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलेटस. 1831 साली लुई अगासी यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा तो समुद्री मासा असल्याचा त्यांचा समज झाला होता. शेपटीच्या बुडाशी केशरी कडा असलेला काळा ठिपका असतो. तो डोळ्यासारखा दिसत असल्यामुळे पिरान्हासारखे पर कुरतडणारे मासे फसत असावेत, असा अंदाज आहे.

आपल्याकडे विकले जाणारे ऑस्कर आता ॲमेझॉनमधून येत नाहीत. चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी शोभेच्या माशांची पैदास हा मोठा धंदा आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या दुकानांत मिळणारा माल असाच देशातल्या पैदाशीचा असतो. टायगर, रेड, अल्बिनो, लेमन ही सगळी त्याच माशाची रंगांवरून पडलेली नावं. वाढ सगळ्यांची सारखीच.

नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षात तो महिन्याला साधारण इंचभर वाढतो. घरच्या टँकमध्ये दहा ते बारा इंच होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलीच्या हट्टाने आणलेला मासा तिची बारावी झाली तरी दिवाणखान्यात असणार, आणि तोवर पाणी बदलायचं काम आई-बाबांकडे आलेलं असणार.

एवढी घाण होते कशी?

ऑस्करला दाणा टाकून जवळून बघा. तो सरळ गिळत नाही. तोंडात घेतो, घशातल्या दातांनी चुरतो, अर्धा थुंकतो, पुन्हा ओढून घेतो. या खटाटोपात दोन्ही कल्ल्यांच्या फटींतून बारीक भुसा बाहेर पडतो आणि टँकभर पसरतो. त्यात भर म्हणजे त्याला उकरायची खोड. खडी तोंडात भरून दुसरीकडे नेऊन टाकतो, झाडं उपटतो, हीटर लोळवतो. तळाशी बसलेला गाळ त्यामुळे पुन्हा वर येतो.

ही दिसणारी घाण. ती जाळीने काढता येते. माशाला मारते ती न दिसणारी.

मासा जे प्रथिन खातो, त्यातला नायट्रोजन वापरून झाल्यावर अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो आणि त्यातला बराचसा थेट कल्ल्यांतून पाण्यात मिसळतो. म्हणजे विष्ठा लगेच उचलून टाकली तरी अमोनिया यायचा तो येतच राहतो. तो पाण्यात विरघळलेला असल्यामुळे पाणी नितळ दिसतं आणि सुरुवातीला वासही येत नाही. मासा मात्र वर येऊन धापा टाकू लागतो आणि त्याचे कल्ले लालभडक होतात.

टँकखालचा एसटीपी

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी असतो. तिथले ब्लोअर अहोरात्र पाण्यात हवा सोडत असतात. ते बंद पडले की दुसऱ्या दिवशी कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासाच्या तक्रारी सुरू होतात. तुमच्या टँकचा फिल्टर म्हणजे हाच एसटीपी, फक्त बादलीएवढा. आत राबणारे कामगारही त्याच जातकुळीचे जिवाणू आहेत.

त्यांचं काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. दुसरा गट त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असतं, पण ते साचत जातं. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. पुढे 2015 मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा जिवाणूही सापडला. एका संशोधक गटाला तर तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाला. घरी मासे पाळणाऱ्यांसाठी यातलं लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजवर, सिरॅमिकच्या तुकड्यांवर, वाळूवर चिकटून राहतात, आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो.

नव्या टँकमध्ये ते जवळपास नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच टँक ‘सायकल’ होणं म्हणतात. शनिवारी टँक आणला, रविवारी मासा सोडला, की तिसऱ्या आठवड्यात मासा गेलाच म्हणून समजा.

योग्य पद्धत अशी, की टँक भरायचा, फिल्टर चालू करायचा आणि मासा नसतानाच रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकत राहायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढताना दिसेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट उरेल. तेव्हाच मासा आणायचा. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये घाला. बरेच आठवडे वाचतात. बाटलीतले तयार जिवाणूही मिळतात, पण दुकानात ते किती दिवस आणि कुठल्या उन्हात पडून होते याचा काही भरवसा नाही. मी तरी मळक्या स्पंजालाच पसंती देईन.

मासा आधीच घरी आला असेल तर दिवसाआड थोडंसंच खायला घाला, रोज पाव टँक पाणी बदला, आणि हे महिनाभर नेटाने करा.

टँक किती मोठा? जरा गणित करू

‘एका इंच माशाला चार लिटर पाणी’ असा एक नियम फिरत असतो. निऑन टेट्रासारख्या बोटभर माशांसाठी तो कसाबसा चालतो, ऑस्करसाठी अजिबात नाही. दहा इंचांचा एक ऑस्कर आणि एक इंचाचे दहा टेट्रा यांचं वजन कुठल्याच तराजूत सारखं भरणार नाही. म्हणून लांबी सोडून खाद्य मोजू.

पूर्ण वाढलेल्या ऑस्करला दिवसाला सहा ग्रॅम दाणे दिले असं धरा. चांगल्या दाण्यांत 40 टक्के प्रथिन असतं, म्हणजे 2.4 ग्रॅम. प्रथिनाच्या वजनातला 16 टक्के भाग नायट्रोजन असतो, म्हणजे साधारण 0.38 ग्रॅम. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो आणि बाकीचा, सुमारे 0.27 ग्रॅम, पाण्यात येतो. फिल्टरने नीट काम केलं तर त्याचं 1.2 ग्रॅम नायट्रेट होतं. हे रोजचं.

आता ही भर वेगवेगळ्या टँकमध्ये टाकून बघा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक बाहेरच्या मापाने साडेचारशे लिटरचा भरतो. काच, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी 400 लिटरच्या आसपास असतं. त्यात रोज लिटरमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला 21 मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. तोच मासा 100 लिटरच्या टँकमध्ये असेल तर आठवड्याला 84.

साधारणपणे नायट्रेट 40 च्या आसपास किंवा त्याखाली ठेवावं, असं मानलं जातं. इथे बऱ्याच जणांची एक गफलत होते. त्यांना वाटतं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की झालं. पण जेवढं पाणी बदलता तेवढंच नायट्रेट बाहेर जातं, बाकीचं पुढच्या आठवड्याच्या भरीत जमा होतं. काही आठवड्यांनी आकडा एका जागी स्थिरावतो, आणि तो काढायचा हिशेब सोपा आहे: आठवड्याची भर भागिले बदललेल्या पाण्याचा वाटा. 400 लिटरच्या टँकमध्ये दर आठवड्याला निम्मं पाणी बदललंत तर 21 भागिले अर्धा, म्हणजे 42. पाव टँकच बदललात तर 84. आणि 100 लिटरच्या टँकमध्ये निम्मं बदलूनही 168. तिथे ताळ्यावर यायचं तर एक दिवसाआड पाणी बदलत बसावं लागेल. नळाच्या पाण्यात आधीच नायट्रेट असेल तर ते वरून.

म्हणजे मोठा टँक घेतला म्हणून घाण कमी होत नाही, आठवडाभराची मुदत मिळते इतकंच. एका ऑस्करसाठी 4×2×2 मी किमान मानतो, ते याच हिशेबावरून. जोडी ठेवायची असेल तर सहा फुटी टँक लागतो, आणि जोडी एकमेकांशी पटवून घेईलच असं नाही.

रुंदीबद्दल आणखी एक. दुकानात तयार मिळणारा चार फुटी टँक बहुधा दीड फूटच रुंद असतो. फूटभर लांबीच्या माशाला त्यात वळताना शेपूट आवरून घ्यावं लागतं. म्हणून रुंदी दोन फूट सांगून बनवून घ्या. रुंदी वाढवली म्हणून काच जाड करावी लागत नाही, कारण पाण्याचा काचेवरचा दाब खोलीवर ठरतो, मागे किती पाणी आहे त्यावर नाही. दोन फुटी खोलीला चार फूट लांब पुढच्या काचेवर जवळजवळ 200 किलोंचा रेटा बसतो. त्यामुळे काच 12 मिलिमीटरची आणि वरच्या बाजूला आडव्या पट्ट्या हव्यातच. दहाच्या काचेत ‘होऊन जाईल’ म्हणणारे भेटतील. होतंही, पण ऑस्कर चवताळला की काचेवर धडका मारतो हे विसरू नका.

पण फरशी पेलेल का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि दुकानात तो कुणी काढत नाही. पाणी 400 किलो, काच सुमारे 90 किलो, वर लोखंडी स्टँड, वाळू, दगड. सगळं मिळून सहाशेच्या घरात. हे वजन आठ चौरस फुटांवर येतं, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो. घरांच्या खोल्यांसाठी भारतीय मानक चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरायला सांगतं.

आकडा ऐकून दचकू नका. तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरलेला असतो, आणि 12×10 फुटांच्या खोलीचा एकूण हिशेब दोन हजार किलोंच्या वर जातो. फरक जागेने पडतो. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, बीमच्या दिशेने ठेवलेला टँक आणि स्लॅबच्या बरोबर मध्यावर ठेवलेला टँक यांत मोठं अंतर आहे. तळमजला असेल तर सहसा काळजी नाही. वरच्या मजल्यावर, त्यातही इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल, स्लॅबला गळती असेल, सळया उघड्या पडल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाल्कनीत टँक ठेवूच नका, कारण ती बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते. जुन्या चाळींच्या लाकडी तक्तपोशीवर तर हा विषयच नको.

स्टँड पाणसळ लावून सपाट करा. टँकच्या तळाखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. एक कोपरा दोन मिलिमीटर उंच राहिला तरी काच तिथूनच तडकते.

कुठला फिल्टर, आणि वीज गेली तर?

दुकानात ‘इतक्या लिटरसाठी’ असं छापलेल्या खोक्यावर जाऊ नका, ते छोट्या माशांच्या हिशेबाने छापलेलं असतं. तासाला टँकमधलं सगळं पाणी सहा ते आठ वेळा फिरेल असा पंप घ्या. 400 लिटरला तो ताशी अडीच ते तीन हजार लिटरचा होतो.

माझ्या मते ऑस्करसाठी संप सगळ्यात चांगला. मुख्य टँकखाली दुसरा, छोटा टँक, त्यात आधी गाळ अडवणारा फोम, मग जिवाणूंसाठी सिरॅमिक, मग पंप. पाण्याचं एकूण प्रमाण वाढतं, हीटर तिथे लपवता येतो आणि मळका फोम धुवायला हात भिजवून आत वाकावं लागत नाही. संप जमत नसेल तर मोठा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्यातला फिल्टर. टँकच्या वर बसणारा टॉप फिल्टर स्वस्त आणि साफ करायला सोपा, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तोच दिसतो. पण एकट्या टॉप फिल्टरवर मोठा ऑस्कर सोडू नका, सोबत एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर लावा.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनच्या पाण्याने महिनाभर जमवलेली वस्ती एका झटक्यात मरते आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळून घ्या, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुऊ नका.

आता लोडशेडिंग. सोसायटीच्या ब्लोअरसारखंच इथेही, हवा थांबली की जिवाणू गुदमरतात. कॅनिस्टर हा बंद डबा. वीज गेल्यावर काही तासांतच आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरायला लागतात. वीज पाच-सहा तासांनी आली तर कॅनिस्टर तसाच चालू न करता आतलं कुजकं पाणी आधी ओतून द्या. एअर पंप इन्व्हर्टरला जोडून ठेवणं सगळ्यात उत्तम, तो जेमतेम पाच वॅट खातो. स्पंज फिल्टर त्यावर चालू राहतो आणि मासाही तग धरतो. उन्हाळ्यात याची जास्त गरज, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना लिटरमागे 8 मिलिग्रॅमहून थोडा जास्त, 35 अंशांना 7 च्या आसपास. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी वीज गेली की मासा पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करतो तो यामुळेच.

हीटर कोकणात फारसा लागत नाही. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीत लागतो. पाणी 24 ते 27 अंशांवर राहिलं की पुरे. काचेचा हीटर उघडा ठेवलात तर ऑस्कर तो फोडेल, त्याला जाळी लावा.

पंप आणि एअर पंप मिळून 40 वॅट धरले, तर महिन्याला सुमारे 29 युनिट. युनिट शंभरच्या वर गेले की दर बदलतो, तेव्हा बिलातला फरक नुसत्या 29 युनिटांपेक्षा मोठा दिसू शकतो.

‘पाणी बदललं आणि मासा मेला’

ही तक्रार खरी असते, खोटी नव्हे. त्यामागची कारणं मात्र वेगळी असतात.

पहिलं कारण क्लोरीन. पालिकेच्या पाण्यात तो असतोच. पाणी पसरट टबात दिवसभर ठेवून, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून तो उडून जातो. पण दोनशे लिटर पाणी ठेवायला जागा कुणाकडे असते? त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, दुकानात त्यांना अँटीक्लोरीन किंवा हायपो म्हणतात. दोनशे लिटर पाण्याला एक-दीड ग्रॅम सहसा पुरतात. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा डोस वाढतो, तेव्हा थोडे जास्त घाला. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडर टाकून धुतली असेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलूच नका.

दुसरं कारण जरा आडवळणाचं आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक जहाल आणि एक बराच निरुपद्रवी. कुठलं रूप किती, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लता-क्षारता सांगणाऱ्या आकड्यावर ठरतं. पीएच 7 असताना जहाल रूप शंभर भागांत जेमतेम अर्धा भाग असतं. पीएच 8 झाला की पाच भाग, म्हणजे दसपट. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं, त्यामुळे महिनोन्महिने न बदललेल्या टँकचा पीएच हळूहळू उतरतो. तानसा-वैतरण्याचं मुंबईचं पाणी सौम्य, क्षार कमी असलेलं, तिथे तो आणखी पटकन उतरतो. पीएच फार उतरला की जिवाणूही मंदावतात, अमोनिया साचतो, पण तो निरुपद्रवी रूपात असल्यामुळे मासा धडपणे पोहत राहतो. मग एका रविवारी मालकाला साफसफाईचा झटका येतो. तो तीन-चतुर्थांश पाणी काढून ताजं भरतो, पीएच एकदम वर जातो, साचलेला अमोनिया काही मिनिटांत जहाल होतो, आणि सोमवारी सकाळी मासा तरंगतो. दोष ‘पाणी बदलण्या’ला लागतो, खरा दोष आधीच्या न बदललेल्या सहा महिन्यांचा.

असा जुना टँक सुधारायचा तर दिवसाआड दहा-पंधरा टक्के पाणी बदलत हळूहळू यायचं. आणि नव्याने सुरू करणाऱ्याने दर आठवड्याला 40 ते 50 टक्क्यांचा नेम मोडायचा नाही. दोनशे लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या. बादल्यांच्या भरवशावर राहिलात तर तिसऱ्या महिन्यात कंटाळाल. बाथरूमपर्यंत पोचेल असा पाइप घ्या, तोंडाला जाळी बांधा, कारण ऑस्कर पाइपशी भांडायला येतो. पाणी बदलल्यावर तो रुसल्यासारखा तळाशी आडवा पडला तर घाबरू नका, या माशाला ती सवय आहे. तासाभरात भूक लागली की उठतो.

टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात किंवा सोसायटीत आठवड्याला दोनशे लिटर माशावर घालायचे का? मला विचाराल तर नाही, तिथे ऑस्कर पाळू नये. पाण्याची ददात नसेल तिथे काढलेलं पाणी झाडांना घाला. त्यातलं नायट्रेट हे झाडांचं खतच आहे.

दुकानात ऐकू येणारी तीन वाक्यं

‘मासा टँकच्या मापानेच वाढतो.’ लहान टँकमध्ये ऑस्कर खुजा राहतो हे खरं, पण तो जागा बघून थांबत नाही. सतत खराब पाण्यात त्याची वाढ मारली जाते, आणि मग तो दहा-पंधरा वर्षांऐवजी दोन-चार वर्षांत जातो. ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडण्याचा जो रोग दिसतो, त्याचाही संबंध खराब पाण्याशी आणि निकृष्ट आहाराशी लावला जातो.

‘सोबत सकर ठेवा, तो घाण खातो.’ सकर हा काचेला तोंडाने चिकटणारा मासा शेवाळ खातो, ऑस्करची विष्ठा खात नाही. उलट तो स्वतः ढिगाने हगतो. आपल्या वरच्या हिशेबात एकाच्या जागी दोन मासे झाले. आणि हाही वाढून फूट-दीड फुटाचा होतो.

‘जिवंत गोल्डफिश घाला, मजा बघा.’ त्या स्वस्त गोल्डफिशबरोबर रोग येतात. शिवाय त्यांच्या अंगात थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, जे ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट करतं. नेहमी तेच खाणाऱ्या माशाला त्याची उणीव भासू लागते. चांगले दाणे हा रोजचा आहार, अधूनमधून गांडूळ किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा, इतकं त्याला भरपूर झालं. चिकन-मटणाची चरबी त्याला पचत नाही.

सजावटीबद्दल फार लिहीत नाही, कारण ऑस्कर ती टिकू देत नाही. वाळूचा पातळ थर, दोन-चार गुळगुळीत जड दगड थेट तळाच्या काचेवर टेकवलेले, आणि घट्ट बसणारं झाकण. झाकण विसरू नका, तो उडी मारतो.

आणि नकोसा झाला तर?

बदली होते, घर बदलतं, मूल परदेशी जातं. पंधरा वर्षांत काहीही होऊ शकतं. अशा वेळी ‘बिचारा मोकळा जगेल’ म्हणून लोक मासा तलावात किंवा नदीत सोडतात. मच्छीमारांच्या जाळ्यात मधूनच येणारा, खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांनी मढलेला सकर असाच घराघरांतून आलेला आहे. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींपासून दक्षिणेतल्या तलावांपर्यंत तो पसरलाय. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलींत ऑस्करने असंच बस्तान बसवलंय. आपल्याकडचं हवामानही त्याला मानवणारं आहे.

म्हणून मासा घ्यायच्या आधीच दुकानदाराला विचारून ठेवा, की मोठा झाल्यावर परत घेणार का. काही दुकानं घेतात, कारण दहा इंची ऑस्करला सहा-आठ फुटी टँकवाले गिऱ्हाईक मिळतं. शहरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक ग्रुपांवरही ‘मोफत, फक्त मोठ्या टँकसाठी’ असं लिहिलं की कुणीतरी न्यायला येतं. पाठवताना दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. आणि पिशवीऐवजी झाकणाची बादली वापरा, पाठीवरच्या पराचे काटे प्लास्टिकच्या पिशवीला सहज भोक पाडतात.